पंधरा सिटिंग कमी नाहीत, आणि मधले दहा दिवस वायाही जात नाहीत

डोंबिवलीहून एका मुलीने विचारलंय. आई ५६ वर्षांची, स्तनाचा कॅन्सर. डाव्या स्तनातली गाठ काढली, स्तन वाचवला. काखेतल्या १४ ग्रंथींपैकी २ मध्ये आजार निघाला. केमो तीन आठवड्यांपूर्वी संपली. गेल्या गुरुवारी शेकासाठी, म्हणजे रेडिएशनसाठी, सीटी स्कॅन काढून अंगावर बारीक ठिपके गोंदले आणि ‘आठ-दहा दिवसांत फोन करू’ असं सांगून घरी पाठवलं. १५ सिटिंग आणि वर बूस्टची, म्हणजे गाठीच्या जागेला द्यायच्या जादा डोसाची, ५. शेजारच्या काकूंना मात्र काही वर्षांपूर्वी २५ आणि वर बूस्ट दिला होता. म्हणून तिचे तीन प्रश्न: आजार आत असताना हे लोक दहा दिवस करतात काय? सरकारी योजनेतून होतंय म्हणून आईला शेक कमी तर देत नाहीत ना? आणि बाजू डावी आहे, मग हृदयाचं काय?

मी डॉक्टर नाही, मेडिकल फिजिसिस्ट आहे. अणुशक्तीनगरला भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा केला आणि त्यानंतर २२ वर्षं मुंबईतल्या रुग्णालयांत शेकाचे प्लॅन बनवतेय. पेशंट आम्हाला ओळखत नाहीत. डॉक्टर ओपीडीत भेटतात, टेक्नॉलॉजिस्ट रोज टेबलावर झोपवतात. तुम्ही ज्या दहा दिवसांबद्दल विचारताय, ते मात्र आमच्याकडे जातात. शेक द्यायचा की नाही, कुठे आणि किती, हे डॉक्टर ठरवतात. तो तिथेच जावा आणि दुसरीकडे जाऊ नये, याची जुळवाजुळव आमची.

आधी एक गैरसमज काढू. आजार आत नाही. दिसत होता तेवढा सर्जनने काढला. शेक आहे तो मागे राहिल्या असतील अशा, कुठल्याही स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या पेशींसाठी. त्या असतात हे कशावरून? स्तन वाचवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर शेक दिलेल्या आणि न दिलेल्या दहा हजारांवर बायकांची, १७ चाचण्यांतली माहिती एकत्र करून २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. दहा वर्षांत आजार परत येण्याचं प्रमाण शेकाशिवाय ३५ टक्के होतं, शेकामुळे ते १९ वर आलं. आजची औषधं चांगली असल्यामुळे दोन्ही आकडे आता याहून खाली आहेत, पण फरक राहतोच. तर शेक हवाच. पण चार दिवस इकडे-तिकडे झाल्याने तो हातचा जात नाही. शेवटच्या केमोनंतर साधारण तीन ते सहा आठवड्यांत सुरू झाला की झालं. तुम्ही वेळेत आहात.

(शेक हा शब्द आपल्याकडे रूढ झालाय म्हणून मीही तोच वापरते. त्यात ऊब काही नसते. पहिल्या दिवशी निम्म्या बायका विचारतात, ‘झालं? मला तर काहीच लागलं नाही.’)

आता त्या गुरुवारी काय झालं ते बघा. आईंना एका उतरत्या फळीवर झोपवलं असेल, हात डोक्यावर नेऊन पकडायला लावले असतील. गळ्यातलं मंगळसूत्र काढायला सांगितलं असेल. हा क्षण नेहमी अवघड असतो. पण धातूमुळे सीटीत पांढऱ्या रेषांचं जाळं उमटतं आणि पुढे मानेच्या खालच्या भागाला शेक द्यायचा असेल तर ते नेमकं वाटेत येतं. मी सांगते, मनगटाला गुंडाळा. हात वरच आहेत, तिथे ते कुणाच्या आड येत नाही. आजवर एकीनेही याला नाही म्हटलेलं नाही.

मग स्तनाच्या कडेने आणि जखमेच्या व्रणावर बारीक तार चिकटवतात, म्हणजे सीटीत ती रेघ दिसते. भिंतीवरच्या लेझरचे हिरवे किंवा लाल किरण अंगावर जिथे छेदतात तिथे ठिपका गोंदतात. पुढे रोज तेच लेझर त्याच ठिपक्यांवर जुळवून आईंना मिलिमीटरच्या हिशेबाने जागेवर आणायचं असतं.

या सगळ्यात घोळ होतो तो खांद्याचा. काखेची शस्त्रक्रिया झाली की खांदा आखडतो. काही वर्षांपूर्वीची एक बाई मला अजून आठवते. सीटीच्या वेळी दात-ओठ खाऊन हात वर धरून पडली, दुखतंय हे कुणाला बोलली नाही. तिसऱ्या सिटिंगला हात थरथरायला लागला. हात खाली आला की स्तनही खाली सरकतो. त्या दिवशीची इमेज आमच्या प्लॅनशी जुळेना. पुन्हा सीटी, पुन्हा प्लॅन, आठवडा गेला. चूक आमचीही होती, तिला विचारायला हवं होतं. तुमच्या आईंना आज, आत्ता, भिंतीला तोंड करून बोटांनी वर चढायचा व्यायाम करायला लावा, दिवसातून तीन-चारदा. हात डोक्यावर धरून दहा-पंधरा मिनिटं न दुखता पडता येतं का बघा. येत नसेल तर पहिल्या सिटिंगआधी युनिटला फोन करून सांगा. लाजू नका.

सीटीनंतर डॉक्टर पडद्यावर बसतात. सीटीचे काप दोन-तीन मिलिमीटरचे, म्हणजे छातीचे शंभरावर चित्र. प्रत्येक चित्रावर माऊसने कडा काढायच्या: स्तन कुठपर्यंत, गळपट्टीच्या हाडावरच्या ग्रंथी कुठे, गाठ होती ती जागा कुठे. आणि वाचवायचं काय तेही: हृदय, त्याच्या पुढच्या भिंतीवरून जाणारी धमनी, दोन्ही फुप्फुसं, समोरचा म्हणजे दुसऱ्या बाजूचा स्तन. गाठीची जागा शोधायला सर्जनने आत टायटॅनियमच्या इवल्याशा क्लिपा सोडलेल्या असतील तर देव पावला. नसतील तर मॅमोग्राफी, जुनी सोनोग्राफी आणि ऑपरेशन नोट यांवरून अंदाज बांधावा लागतो. एका छोट्या गावातल्या नर्सिंग होममधून आलेल्या ऑपरेशन नोटमध्ये फक्त ‘गाठ काढली’ एवढंच होतं. कुठल्या बाजूला, घड्याळाच्या तबकडीवर किती वाजताच्या दिशेला, काही नाही. डॉक्टरांनी तीन दिवस त्या सर्जनच्या मागे फोन लावला. तुमच्या फाईलमध्ये ऑपरेशनआधीची मॅमोग्राफी, ऑपरेशन नोट, हिस्टोपॅथॉलॉजीचा (काढलेल्या गाठीच्या तपासणीचा) पूर्ण रिपोर्ट आणि केमोनंतरचा टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) असू द्या. नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही.

त्यानंतर फाईल आमच्याकडे येते.

स्तन छातीच्या पिंजऱ्यावर बसलेला असतो आणि पिंजरा गोल असतो. किरण सरळ रेषेत जातात. समोरून मारले तर स्तनाबरोबर फुप्फुस आणि हृदय सगळंच भाजून निघेल. म्हणून आम्ही दोन बाजूंनी, पिंजऱ्याला घासून जातील असे किरण लावतो. विळीवर आंब्याची फोड काढताना कोयीला लागून पातं कसं जातं, तसं. कोय म्हणजे फुप्फुस आणि हृदय. पण आंबा सरळ नसतो. कडेचा फुप्फुसाचा साधारण दोन सेंटिमीटरचा पट्टा आत येतोच. तो अजून कमी करायला गेलं तर स्तनाची आतली कड सुटते. माझा एखादा दिवस या अर्ध्या सेंटिमीटरच्या भांडणात जातो. किरणाचा कोन दोन अंश फिरवला की इकडे हृदय सुटतं, तिकडे समोरच्या स्तनाला स्पर्श होतो.

दुसरं दुखणं जाडीचं. निपलपाशी स्तन पातळ, पिंजऱ्यापाशी जाड. सारखे किरण सोडले तर पातळ भागात आणि खालच्या घडीत डोस साचतो. पूर्वी यंत्रासमोर धातूची पाचर लावायचो. आता एकाच दिशेने मोठ्या झोताच्या पोटात छोटे-छोटे झोत देतो, जास्त डोसचा भाग झाकून उरलेला भरून काढतो. पडद्यावर डोसाचे रंग दिसतात. लाल डाग घडीत दिसला की ज्या बाईची घडी खोल आहे तिची त्वचा तिसऱ्या आठवड्यात तिथेच सोलणार हे कळतं. लक्ष्याच्या, म्हणजे जिथे शेक हवा त्या जागेच्या, ९५ टक्के भागाला ठरलेल्या डोसाच्या किमान ९५ टक्के तरी मिळावा आणि १०७ टक्क्यांच्या वर जवळजवळ काही जाऊ नये, हा ढोबळ नियम. तो एका बैठकीत जमला तर मी चहा पिऊन येते. तुमच्या आईंसारख्या केसमध्ये सहसा जमत नाही, कारण काखेत दोन ग्रंथी निघाल्यावर गळपट्टीच्या हाडावरच्या भागालाही शेक घालतात. तो समोरून येणारा वेगळा झोत. स्तनाचे दोन आणि हा तिसरा जिथे भेटतात तिथे एकावर एक चढले तर त्या रेघेवर दुप्पट डोस, फट राहिली तर त्या रेघेवर काहीच नाही. म्हणून तिन्हींचा मध्य एकाच बिंदूवर ठेवून अर्धा-अर्धा झोत झाकून सांधा जुळवतो.

हृदयाचं विचारलंत, ते बरोबर विचारलंत. किरणांचा झोत आणि हृदय यांचं नातं आकड्यांत २०१३ मध्ये पुढे आलं: हृदयाला सरासरी मिळणाऱ्या प्रत्येक ग्रेमागे (ग्रे म्हणजे शेकाचा डोस मोजायचं माप) हार्ट अटॅकसारख्या मोठ्या त्रासाचं प्रमाण ७.४ टक्क्यांनी वाढतं. ऐकायला भीतीदायक आहे, म्हणून हिशेब करून दाखवते. समजा आईंचा मूळचा धोका शंभरात ५ आहे. हृदयाला सरासरी ३ ग्रे गेले तर तो ५ चा साधारण ६ होतो. वाढ त्या ५ च्या टक्क्यांत धरायची, ५ मध्ये २२ मिळवून २७ होत नाही. रक्तदाब, साखर आणि मिश्री लावायची सवय यांचा वाटा याहून मोठा असू शकतो. मिश्री असेल तर ती आजच बंद करा. धोका कमी करण्याचा हा मार्ग तुमच्या हातात आहे.

आमच्या हातात श्वास आहे. छाती भरून श्वास घेऊन रोखला की फुप्फुसं फुगतात, फुप्फुसांखालचा श्वासाचा पडदा खाली जातो, हृदय छातीच्या भिंतीपासून मागे आणि खाली सरकतं. तेवढ्या फटीतून झोत निघून जातो. बऱ्याच जणींमध्ये हृदयाचा डोस निम्म्याच्या आसपास उतरतो. पोटाच्या वरच्या भागावर एक छोटी डबी ठेवतात, कॅमेरा तिची हालचाल बघतो. श्वास ठरलेल्या पट्टीत आला की किरण चालू, सोडला की आपोआप बंद. श्वास १५-२० सेकंद धरायचा, सोडायचा, पुन्हा. स्पर्धा नाही, कुणी रागावत नाही.

यात एक गंमत सांगते. वीस वर्षं प्राणायाम करणाऱ्या एका बाई आत्मविश्वासाने आल्या. श्वास छान धरला, डबी वर गेली, सगळे खूश. सीटी बघितली तर हृदय जागच्या जागी. त्या पोटाने श्वास घेत होत्या. डबी पोटावर, ती वर जाणारच, पण छाती तिथेच. त्यांना पोट विसरून छाती उचलायला शिकवायला अर्धा तास गेला. आईंची सीटी श्वास रोखून झाली असेल तर घरी पलंगावर, हात वर करून, तसाच छातीने श्वास घ्यायचा सराव करा. सीटी साधीच झाली असेल तर घाबरू नका. दमा, खोकला, ऐकू कमी येणं अशा कारणांनी जमत नाही तिथे यंत्राच्या तोंडाशी असलेल्या टंगस्टनच्या पट्ट्यांनी हृदयाची कड झाकता येते. फक्त गाठ नेमकी हृदयाच्या पुढे, खालच्या भागात असेल तर तिथे झाकून चालत नाही. मग वेगळे कोन शोधायचे. डॉक्टरांना विचारा, ‘हृदयाला सरासरी किती ग्रे आला?’ प्रश्न रास्त आहे आणि उत्तर प्लॅनच्या कागदावर छापलेलं असतं. स्तन आणि गळपट्टीच्या वरचा भाग एवढंच असेल आणि आकडा ३ च्या आत असेल तर मी निवांत असते. छातीच्या मधल्या हाडाशेजारच्या ग्रंथीही धरल्या असतील तर आकडा चढतो.

त्या ग्रंथींवरून डॉक्टरांत मतभेद आहेत आणि कारण हृदयच. डेन्मार्कमध्ये २००३ ते २००७ दरम्यान धोरणच असं होतं की उजव्या बाजूचा आजार असलेल्यांना तिथे शेक द्यायचा, डाव्या बाजूच्यांना हृदयासाठी द्यायचा नाही. तीन हजारांवर बायका होत्या. आठ वर्षांनी उजव्या बाजूच्या ७६ टक्के हयात होत्या, डाव्या बाजूच्या ७२. म्हणजे त्या शेकाचा फायदा आहे, पण सगळ्यांना सारखा नाही. गाठ आतल्या बाजूला होती का, ग्रंथी किती निघाल्या, हृदय कसं आहे, हे बघून ठरतं. तुमच्या डॉक्टरांनी यात काहीही ठरवलेलं असलं तरी त्यांच्याकडे कारण असेल, ते विचारून घ्या.

आता १५ आणि २५. कुकरच्या शिट्ट्या मोजून भात शिजला का ते कळत नाही, आच किती होती ते विचारावं लागतं. जुन्या पद्धतीत रोज २ ग्रे, २५ दिवस, एकूण ५०. नव्या पद्धतीत रोज २.६७ ग्रे, १५ दिवस, एकूण ४०. रोजचा घास मोठा झाला की पेशीला तो जास्त लागतो, म्हणून एकूण बेरीज कमी ठेवावी लागते. ब्रिटनमध्ये या दोन पद्धती समोरासमोर ठेवून दोन हजारांवर बायकांवर चाचणी झाली. २०१३ मध्ये दहा वर्षांचे निकाल आले तेव्हा आजार रोखण्यात १५ कुठेच मागे नव्हती, आणि स्तन आकसणं, सूज हे १५ वाल्यांत उलट कमी होतं. आज पैसे भरणाऱ्यालाही सहसा १५ च. सिटिंगमागे बिल लावायचं म्हटलं तर २५ जास्त सोयीची, तेव्हा योजनेमुळे कमी केलं ही शंका सोडा. काकूंची २५ त्या काळात त्या ठिकाणची रीत असेल, किंवा त्यांच्या केसमध्ये दुसरं काही असेल. ब्रिटनने पुढे ५ सिटिंगमध्ये, एका आठवड्यात २६ ग्रे देऊन बघितलं आणि २०२० मध्ये त्याचे पाच वर्षांचे निकालही चांगले आले. मुंबईतही काही जणींना ते देतात. ग्रंथींना शेक घालायचा असेल तिथे मात्र बरेच डॉक्टर अजून १५ वरच थांबतात. मला ते पटतं.

आणखी एक, न विचारलेलं. कुणीतरी तुम्हाला सांगेल, ‘व्हीमॅट करून घ्या, ते लेटेस्ट.’ त्यात यंत्र गोल फिरत शेक देतं. हाडाशेजारच्या ग्रंथी धरायच्या असतील किंवा छातीची ठेवण अवघड असेल तर मीही तेच मागते. पण गोल फिरल्यामुळे समोरच्या स्तनाला आणि फुप्फुसाला पातळ डोसाची आंघोळ होते, जी साध्या दोन झोतांत होत नाही. महाग म्हणून चांगलं, असं आमच्या धंद्यात चालत नाही.

प्लॅन झाला की डॉक्टर बघतात, एकदोन वेळा परत पाठवतात. मग दुसरा फिजिसिस्ट आकडे स्वतंत्रपणे तपासतो, गुंतागुंतीचा प्लॅन आधी यंत्रावर पेशंटऐवजी मोजमापाच्या ठोकळ्यावर चालवून बघतो. त्यात यंत्राची रांग. दहा दिवस असे जातात. ‘परवाच सुरू करा’ म्हणून मागे लागणारे नातेवाईक मला समजतात, पण यातली तपासणीच गाळायला लावू नका.

त्वचेचं थोडक्यात. आपल्याकडची घामट हवा आणि स्तनाखालची घडी यांचं जमत नाही. आईंना एक माप मोठा सुती ब्लाऊज शिवून घ्या, तार असलेली ब्रा नको. टाल्कम पावडर, हळदीचा लेप, उटणं, काही नको. कोमट पाण्याने आंघोळ चालते, घासायचं नाही, टिपायचं. मलम युनिटने सांगितलेलंच. लाली शेवटच्या सिटिंगनंतरच्या आठवड्या-दोन आठवड्यांत सर्वांत जास्त असते. ‘संपलं तरी वाढतंय’ म्हणून फोन येतात, तर ते तसंच असतं. नातीला कुशीत घ्यायला हरकत नाही, अंगात काही राहत नाही.

पावसाने लोकल बंद पडून एखादा दिवस चुकला तर तो मागे जोडतात. गणपतीला चार दिवस गावी जाऊन येते, हे मात्र नको. आधी सांगितलंत तर सुरुवातच तारखा बघून करता येते.

पहिल्या दिवशी अर्धा-पाऊण तास लागेल. आधी इमेज काढतात, प्लॅनशी जुळवतात, डॉक्टर बघतात, मग शेक. दार जाड असतं आणि आत आई एकट्या असतात. तिथे बऱ्याच जणी घाबरतात. त्यांना सांगून ठेवा की बाहेर टीव्हीवर आम्ही त्यांना बघत असतो, माइक चालू असतो, हात हलवला की यंत्र थांबवतो. दुसऱ्या दिवसापासून पंधरा-वीस मिनिटांत बाहेर. डोंबिवलीहून रोज लोकलने येणार असाल तर दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या पेशंटला बसता येतं. रुग्णालयाचं कार्ड पर्समध्ये वरच्या कप्प्यात ठेवा, कारण गर्दीत कुणीतरी हटकतंच, आणि आई दिसायला धडधाकट आहेत.